फ्रेंच टोस्ट, मु. पो. शिरूर-दौंड

फ्रेंच टोस्टला लागतं काय? दोन अंडी, अर्धी वाटी दूध, चमचाभर साखर, थोडं लोणी आणि आदल्या दिवशीचा ब्रेड. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत यातल्या बहुतेक वस्तू घराच्या आसपासच मिळतात. गावोगावच्या संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दुधाच्या किटल्यांची रांग लागते. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर ऊस उभा असतो. न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा असे सहकारी साखर कारखाने उभारले गेले ते या उसावरच. कोंबड्यांच्या लांबलचक शेडी तर रस्त्यावरूनच दिसतात. फ्रेंच म्हणवणाऱ्या या पदार्थातली बाहेरून आलेली वस्तू एकच, ती म्हणजे पाव. आणि टोस्ट बिघडतो तोही बहुतेक वेळा पावामुळेच.

या दोन्ही गावांशी पावाची ओळख जुनी असणार, कारण दोन्ही गावांत गोरे साहेब फार लवकर येऊन राहिले. घोड नदीकाठच्या शिरूरला आजही कित्येक जण घोडनदी म्हणूनच ओळखतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची छावणी पडली. 1817 मध्ये उभ्या राहिलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्स या घोडदळाचा मुक्काम पुढे बराच काळ इथे होता. 1809 मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याची कबर शिरूरमध्ये आहे. आसपासच्या गावांतले लोक त्याला ‘सतपुरुष’ मानून त्या कबरीला नैवेद्य दाखवत, अशी नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायाच्या रोजच्या शिध्यात एक पौंड पाव ठरलेला असे. त्यामुळे जिथे छावणी, तिथे पावाची भट्टी हे समीकरण देशभर दिसतं.

दौंडला साहेब आला तो रेल्वेबरोबर. पुण्याहून निघालेली जीआयपी रेल्वे 1858 मध्ये दौंडला पोचली, 1878 मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. रेल्वे कॉलनी वसली, अँग्लो-इंडियन कुटुंबं राहायला आली आणि त्यांच्यासोबत अंडी, पाव, मुरंबा असा सकाळचा नाश्ताही आला. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे आणि तोवर प्रवाशांना फलाटावर पाय मोकळे करायला वेळ मिळे. अलीकडे दौंड कॉर्ड लाइन हे वेगळं स्थानक झाल्यापासून अनेक गाड्यांचा हा खोळंबा संपला. भारतीय रेल्वेवरचं ब्रेड-ऑम्लेट मात्र टिकून आहे. अंडं आणि पाव एकाच तव्यावर आणणारा तो पदार्थ फ्रेंच टोस्टचा सख्खा भाऊच म्हणायचा.

मराठी घरांनी पाव सहजासहजी आत घेतला नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली म्हणून केवढं ग्रामण्य माजलं! त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रायश्चित्ताचा वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. बिस्किटाची ही कथा, तर पावाची काय असेल? पुढे बराच काळ पाव घरात यायचा तो मुख्यतः आजाऱ्यासाठी, दुधात कुस्करून द्यायला. 1965 मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढली आणि मेणकागदात गुंडाळलेला कापीव ब्रेड शहरांत सर्रास मिळू लागला. आज शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत ब्रिटानिया आणि आयटीसी यांचे खाद्यपदार्थांचे मोठे कारखाने आहेत, आणि वाडीवस्तीवरच्या किराणा दुकानातही स्लाइस ब्रेडचा पुडा लटकलेला दिसतो.

आणि पुडा आला की त्यातल्या शेवटच्या चार स्लाइस उरतातच. फ्रेंच टोस्टचा जन्म झाला तो या उरलेल्या चार स्लाइससाठी.

पदार्थ फ्रान्सपेक्षाही जुना आहे. अपिशियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात त्याचा पूर्वज भेटतो. पांढऱ्या पावाची कड काढायची, मोठे तुकडे करायचे, दुधात भिजवून तेलात तळायचे आणि वरून मध ओतायचा, अशी ती कृती. त्यात अंड्याचा उल्लेखही नाही. स्पेनमध्ये ईस्टरच्या आधीच्या दिवसांत ‘तोरिखा’ होतात, पोर्तुगालमध्ये नाताळात ‘रबानादा’. फ्रेंच टोस्ट हे नाव न्यूयॉर्क राज्यातल्या जोसेफ फ्रेंच नावाच्या खाणावळवाल्यावरून 1724 मध्ये पडलं, अशी एक कथा अधूनमधून वाचायला मिळते. पण इंग्लंडच्या रॉबर्ट मे याच्या 1660 सालच्या पाकपुस्तकात हे नाव आधीच आहे. फक्त त्याचा टोस्ट वेगळा होता. फ्रेंच पाव भाजून, वाइनमध्ये भिजवून, साखर आणि संत्र्याच्या रसासोबत तो द्यायला सांगतो. भारतात बऱ्याच ठिकाणी अंड्या-दुधातल्या टोस्टला ‘बॉम्बे टोस्ट’ म्हणतात. थोडक्यात, उरलेल्या पावाला दूध आणि गोडवा देऊन परत ताटात आणण्याची युक्ती अनेक देशांनी आपापल्या परीने केली. आपला शाही तुकडा त्याच गोत्रातला. बेकरीतून किलोवर मिळणारा, चहात बुडवायचा कडक टोस्टही त्याच काटकसरीतून आलेला. तिथे पाव ओला न करता दुसऱ्यांदा भट्टीत घालून पार वाळवतात.

आता तव्याकडे वळू.

घरी केलेल्या फ्रेंच टोस्टबद्दलची मोठी तक्रार एकच असते: बाहेरून ऑम्लेट आणि आतून लगदा. याचं मूळ ताज्या, मऊ ब्रेडमध्ये आहे. भाजताना पावातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. पाव थंड होऊन पडून राहिला की तोच स्टार्च पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि गाभा कडक होत जातो. हेच शिळं होणं. ही क्रिया फ्रिजमधल्या थंडाव्यात उलट जास्त वेगाने होते, म्हणून मऊ ब्रेड हवा असेल त्याने तो फ्रिजमध्ये ठेवू नये. घट्ट झालेला आणि थोडा सुकलेला गाभा दूध पितो, तरी आकार सोडत नाही. ताज्या ब्रेडमध्ये मुळातच ओल भरपूर असते. तो बाहेरच्या बाजूने चिखल होतो आणि मध्यापर्यंत दूध पोचतच नाही.

इथे कारखान्यातला ब्रेड एक अडचण उभी करतो. तो दिवसेंदिवस मऊ राहावा म्हणून त्यात स्निग्ध पदार्थ आणि इमल्सिफायर घातलेले असतात, बुरशी लांबवण्यासाठी कॅल्शियम प्रोपियोनेट असतं. त्यामुळे तीन दिवसांचा पुडाही हवा तसा शिळा झालेला नसतो. मग त्याला मुद्दाम सुकवायचं. रात्री स्लाइस जाळीवर किंवा चाळणीत सुट्या मांडून, वर पातळ फडकं टाकून ठेवाव्यात. तेवढा धीर नसेल तर कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं शेकाव्यात. रंग येऊ द्यायचा नाही, हाताला कोरडं लागलं की पुरे. पावसाळ्यात मात्र वास आणि ठिपके आधी पाहावेत. एका स्लाइसवर हिरवट बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून बाकीचा पुडा वापरण्याचा मोह टाळावा. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात.

दुसरी अडचण जाडीची. पुड्यातली स्लाइस जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर जाड असते. अस्सल फ्रेंच टोस्टची मजा दोन सेंटिमीटरच्या आसपास आहे, कारण तेव्हाच बाहेर खरपूस आणि आत खिरीसारखं मऊ असे दोन वेगळे थर मिळतात. गावातल्या बेकरीत सांगून ठेवलं तर न कापलेला ब्रेड मिळू शकतो. तो एक दिवस ठेवून घरी कापावा. लादी पावही चालतो. त्याचे आडवे दोन भाग करून कापलेली बाजू जास्त वेळ भिजवायची. त्याची जाळी मोठी असते, त्यामुळे तो दूध झपाट्याने ओढतो.

आता मिश्रण. पुड्यातल्या पातळ सहा किंवा जाड चार स्लाइससाठी दोन मोठी अंडी, अर्धी वाटी म्हणजे साधारण 120 मिलिलिटर दूध, एक टेबलस्पून साखर आणि चिमूटभर मीठ. ब्रेड फार सुका असेल तर दूध दोन चमचे वाढवावं. दूध उकळून पूर्ण गार झालेलं हवं. गरम दुधात अंडं गुठळ्या धरतं. अंडी आधी एकटी फेटावीत, मग साखर-मीठ आणि शेवटी दूध. पांढऱ्या बलकाचे चिकट धागे राहिले तर ते टोस्टवर चिकटून ऑम्लेटचे डाग पाडतात, म्हणून मिश्रण चहाच्या गाळणीतून काढलेलं बरं. परदेशी कृतींमध्ये इथे क्रीम असतं. आपल्याकडे भांड्यावरची साय असते. चमचाभर साय अंड्यांबरोबर घोटली की तेच काम होतं. व्हॅनिलाऐवजी वेलची किंवा किसलेलं जायफळ घातलं तर ते इथल्या जिभेला परकं वाटत नाही, शिवाय अंड्याचा वासही झाकला जातो.

दूध कोणतं यानेही फरक पडतो. डेअरीवर गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (म्हणजे फॅटखेरीजचे घन घटक) धरून सांगतात, म्हशीच्या दुधाचा 6 फॅट आणि 9 एसएनएफ धरून. म्हशीच्या दुधाने गाभा दाट आणि मऊ होतो. गाईच्या दुधाने टोस्ट हलका होतो, पण मग सायीची भर हवीच.

मिश्रण पसरट ताटलीत ओतावं म्हणजे स्लाइस आडवी पूर्ण बसते. पातळ स्लाइस प्रत्येक बाजूला पंधरा-वीस सेकंद, जाड आणि सुकी असेल तर मिनिट-दोन मिनिटं. उचलताना ती वाकली पाहिजे, पण तुटता कामा नये. क्षणभर ताटलीवर धरून जादा मिश्रण निथळू द्यावं, नाहीतर तव्यावर टोस्टभोवती अंड्याची झालर तयार होते.

खरी परीक्षा आचेची. निव्वळ अंड्याचा पांढरा भाग 62 अंश सेल्सियसच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पण त्यात दूध-साखर मिसळली की मिश्रण नीट बसायला 80 अंशांपर्यंत जावं लागतं. उलट पृष्ठभागावरचा तो तपकिरी रंग आणि खमंग वास साधारण 140 अंशांच्या पुढे येतो. म्हणजे बाहेरचा भाग तापून रंग धरत असतानाच आतल्या भागाला 80 अंशांपर्यंत पोचायला वेळ मिळायला हवा. मोठ्या आचेवर हा वेळ मिळत नाही. मिनिटभरात बाहेरून चॉकलेटी झालेला टोस्ट कापला की आतून पिवळं पाणी निघतं. मध्यमपेक्षा थोडी कमी आच ठेवून पातळ स्लाइसला प्रत्येक बाजूने दोन मिनिटं, जाड स्लाइसला तीन-चार मिनिटं द्यावीत. मधोमध बोटाने दाबून पाहावं. दबून पुन्हा वर आला आणि ओल बाहेर आली नाही की झाला.

निव्वळ लोण्यात भाजलं तर लोण्यातले दुधाचे कण लवकर करपतात आणि कडवट काळे ठिपके धरतात. साजूक तुपात हे कण आधीच काढलेले असल्याने तूप जास्त आच सोसतं. म्हणून सुरुवात चमचाभर तुपावर करावी आणि टोस्ट उलटताना कडेने लोण्याचा छोटा गोळा सोडावा. तुपाची सहनशक्ती आणि लोण्याची चव अशी दोन्ही हाती लागतात. रोजचा लोखंडी तवा चालतो, फक्त आदल्या रात्रीच्या भाकरीचं पीठ त्यावर राहिलेलं नसावं.

अमेरिकेत यावर मेपलच्या झाडाच्या रसाचा पाक ओततात, रोमनांनी मध ओतला. दौंड तालुक्यात त्या जागी काकवी आहे. केडगाव, राहू, पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पूर्वापार चालत आली आहेत. उसाचा रस काहिलीत उकळतो, भेंडीच्या खोडाच्या चिकट रसाने मळी वर येते आणि ती काढली जाते. गुळव्याची नजर पाकावर असते. गूळ व्हायला पाक 115 अंशांच्या पुढे न्यावा लागतो. त्याच्या बराच आधी, 105 अंशांच्या आसपास काढून घेतला तर मिळते ती दाट, वाहती काकवी. गरम टोस्टवर ती सोडली तर मिश्रणातली साखर निम्मी केली तरी चालते, आणि ती निम्मी करावीच, कारण साखर जास्त झाली की टोस्ट लवकर करपतो. काकवी थोडी खारट-तुरट असते. त्यामुळे अंड्या-दुधाचा गोडवा नुसत्या साखरेसारखा मिठ्ठ लागत नाही.

गोडाचं कौतुक नसलेल्या घरांत याचा तिखट अवतार जास्त लोकप्रिय आहे. साखर गाळायची, दूध निम्मं करायचं आणि अंड्यात बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद घालायची. दूध कमी झाल्याने मिश्रण लवकर बसतं, म्हणून इथे आच थोडी वाढवलेली चालते. एमआयडीसीच्या फाट्यांवर अंडाभुर्जीच्या गाड्या चालवणाऱ्यांनाही हे गणित बरोबर ठाऊक असतं.

अंडं आज घराघरांत पोचलं त्यातही पुण्याचा वाटा आहे. व्यंकटेश्वरा हॅचरीजचे डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने 1982 मध्ये नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाऐवजी उत्पादकांनी स्वतः भाव जाहीर करायचा, ही तिची कल्पना. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही जाहिरात याच कमिटीची. राव यांच्या नावाची कुक्कुटपालन शिकवणारी संस्था दौंडच्याच रेल्वेमार्गावर, उरुळी कांचनजवळच्या कोरेगाव मूळला आहे.

तरीही श्रावण, चतुर्थी, गुरुवार असे अंड्याविना जाणारे दिवस पुष्कळ घरांत असतात, आणि कायम अंडं न खाणारी घरंही आहेत. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यावरही शाकाहारीच राहिल्या. 1883 ते 1886 या इंग्लंडमधल्या वास्तव्यात त्यांनी अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा नाकारलं आणि त्यावरून तिथल्या त्यांच्या मार्गदर्शक जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा खटका उडाला. अंड्या-दुधाचं ते पुडिंग आणि फ्रेंच टोस्टचा गाभा या एकाच जातीच्या गोष्टी.

अंड्याशिवाय तसा गाभा बसवण्याची सोय त्याआधीच निघाली होती. 1837 मध्ये इंग्लंडच्या अल्फ्रेड बर्डने अंडं न सोसणाऱ्या आपल्या बायकोसाठी मक्याच्या पिठाची कस्टर्ड पावडर शोधली. पुण्याची वेकफिल्ड कंपनी तीच पावडर कित्येक दशकं बनवते आहे. चार पातळ स्लाइससाठी पाऊण वाटी गार दूध, दोन टेबलस्पून कस्टर्ड पावडर आणि चमचाभर साखर पुरते. हे मिश्रण शिजवायचं नाही. पावडर तळाशी बसते, त्यामुळे प्रत्येक स्लाइस बुडवण्याआधी ते ढवळून घ्यायचं आणि ब्रेड आत दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, कारण अंड्यासारखा त्याला धरून ठेवणारा आधार इथे नसतो. तव्यावर तूप थोडं सढळ हवं आणि पहिली बाजू पूर्ण सुटल्याशिवाय उलथनं लावायचं नाही.